यंत्रांत रमलेला कलावंत : लक्ष्मणराव किर्लोस्कर

परीक्षा संपली, नोकरी लागली की माणसाच्या आयुष्यातला रस संपतो, असे एक मत महाविद्यालयाच्या आवारात नेहमी ऐकू येते. कविता, चित्रे, नाटके, गाणी ही सारी कॉलेजच्या चार वर्षांपुरती. पुढे मग दहा ते पाच खुर्ची, पहिल्या तारखेचा पगार आणि रविवारची वाट पाहणे. जे कलावंत म्हणून जन्माला आले ते सुटले, बाकीच्यांनी गाडा ओढायचा, असे आपण गृहीत धरून चालतो. या मताला आपल्याच जिल्ह्यातील एका माणसाने आयुष्यभर काम करून उत्तर दिले आहे. तो माणूस चित्रकार व्हायला निघाला होता. चित्रकार तो झाला नाही. पण ज्या ज्या कामाला त्याने हात लावला त्या त्या कामात त्याला चित्र काढताना वाटावा तसाच आनंद मिळत गेला. त्या माणसाचे नाव लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर.

बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर हे गाव मराठी माणसाला दोन कारणांनी ठाऊक असले पाहिजे. ‘सौभद्र’कर्ते अण्णासाहेब किर्लोस्कर तिथलेच. १८४३ साली त्यांचा जन्म झाला आणि मराठी संगीत रंगभूमीचा पाया त्यांनी घातला. त्याच गावात, त्याच किर्लोस्कर घराण्यात २० जून १८६९ रोजी लक्ष्मणरावांचा जन्म झाला. गाव कानडी मुलखातले, घरातली भाषा मराठी. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक. अशा घरातल्या मुलाने पोथीपुराण करावे, नाहीतर इंग्रजी शिकून सरकारी कचेरीत चिकटावे, अशी त्या काळची रीत होती. लक्ष्मणला या दोन्ही गोष्टींत गोडी नव्हती. त्याला दोनच नाद होते. एक चित्रे काढण्याचा आणि दुसरा यंत्रे उघडून आत काय आहे ते पाहण्याचा.

घरच्यांच्या मनाविरुद्ध, पण थोरले बंधू रामूअण्णा यांच्या पाठिंब्यावर तो १८८५ मध्ये मुंबईला गेला आणि जे. जे. कलाशाळेत दाखल झाला. वय सोळा. तिथे दोन वर्षे गेली आणि एक गोष्ट उघडकीला आली. लक्ष्मणच्या डोळ्यांना काही रंगांतला भेदच कळत नव्हता. रंगांधळेपणाचा हा दोष जन्मजात असतो. तो उपचाराने जात नाही आणि कष्टाने भरून निघत नाही. चित्रकार व्हायचे म्हणून घर सोडून आलेल्या मुलाला या शोधाने काय वाटले असेल याची कल्पना करावी. घरी परत जाऊन वडिलांपुढे मान खाली घालून उभे राहायचे आणि सांगतील ती नोकरी पत्करायची, एवढीच वाट दुसऱ्या कोणाला दिसली असती.

लक्ष्मणरावांनी आपल्याजवळ काय उरले आहे याचा हिशेब केला. रंग हाती नव्हते, पण रेषा होती. प्रमाणाचा अंदाज होता, नजर नेमकी होती, हात स्थिर होता. या सगळ्याची गरज असलेली एक विद्या होती. तिचे नाव यांत्रिक रेखन, म्हणजे यंत्रांची आणि त्यांच्या भागांची मापात काढलेली चित्रे. यात रंगांचे काम नाही. एखादे चाक कसे फिरेल, त्याच्या दात्यात दुसऱ्या चाकाचा दाता कसा अडकेल, हे आधी मनात पाहायचे आणि मग कागदावर उतरवायचे. लक्ष्मणरावांनी ही विद्या आत्मसात केली आणि नुकत्याच निघालेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते याच विषयाचे शिक्षक झाले.

शिक्षकाचे काम वेळापत्रकाप्रमाणे शिकवून संपवता येते. लक्ष्मणरावांचा दिवस मात्र वर्ग सुटल्यावर सुरू होई. संस्थेच्या कर्मशाळेत यंत्रे होती. त्यांच्याजवळ उभे राहून, हात काळे करून ते ती चालवायला शिकले. अमेरिकेहून येणारी यंत्रविद्येची मासिके ते वाचत. त्यांतल्या आकृत्या पाहत आणि हे आपल्याकडे करता येईल का, असा विचार करीत बसत. कोणी त्यांना असे करायला सांगितले नव्हते, आणि त्याबद्दल पगारात एक पैही वाढणार नव्हती.

याच दिवसांत मुंबईच्या रस्त्यावर त्यांना सायकल दिसली. दोन चाकांवर तोल सांभाळत माणूस जातो हे दृश्य तेव्हा नवलाचे होते. शंभर जणांनी ते पाहिले आणि ते आपल्या वाटेने गेले. लक्ष्मणरावांनी सायकल मिळवली, ती चालवायला शिकले आणि तिची रचना समजून घेतली. मग मुंबईहून सायकली बेळगावला पाठवायच्या आणि रामूअण्णांनी तिथे त्या विकायच्या, असा उद्योग दोघा भावांनी सुरू केला. नुसत्या विकून भागत नसे. घेणाऱ्याला त्या चालवायलाही शिकवावे लागे, आणि त्याची फी आकारली जाई. १८८८ साली अशा रीतीने ‘किर्लोस्कर बंधू’ हे नाव जन्माला आले. तेव्हा लक्ष्मणराव जेमतेम एकोणीस वर्षांचे होते.

मुंबईची नोकरी त्यांनी जवळजवळ दहा वर्षे केली. पुढे बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन गृहस्थाला ती जागा देण्यात आली. गुण हातात असताना कातडीच्या रंगावरून माणसाची किंमत ठरते, हे त्या काळी नित्याचेच होते, आणि पुष्कळांनी ते निमूटपणे गिळलेही. लक्ष्मणरावांनी १८९७ मध्ये राजीनामा दिला आणि ते बेळगावला आले. मुंबईत प्लेगने थैमान घातले होते ते हेच दिवस. घरसंसार मांडलेल्या माणसाने ठरलेला पगार सोडून सायकलीच्या दुकानावर विसंबावे, हे शहाण्या लोकांना वेडेपणाचे वाटले असल्यास नवल नाही.

बेळगावात दुकान चालले. सायकलींबरोबर पवनचक्क्या बसवून देण्याचेही काम त्यांनी केले. पण दुसऱ्याने केलेल्या वस्तू विकण्यात आणि दुरुस्त करण्यात त्यांचे मन किती दिवस रमणार? आपण स्वतः काहीतरी घडवले पाहिजे ही तळमळ स्वस्थ बसू देईना. काय घडवायचे याचे उत्तर त्यांनी परदेशी मासिकांत शोधले नाही. ते त्यांनी आजूबाजूच्या गोठ्यांत आणि शेतांत शोधले. याच गोष्टीत त्यांचे मोठेपण आहे, असे मला वाटते.

आपल्या भागात जनावरांपुढे कडब्याच्या पेंढ्या तशाच टाकतात हे आपण सर्वांनी पाहिले आहे. जनावर पाने खाते, मऊ भाग खाते आणि जाड ताट तुडवून टाकते. दुष्काळाच्या वर्षी कडब्याची काडी सोन्याच्या मोलाची होते, तरी ही नासाडी चालूच राहते. कडबा बारीक कापून घातला तर जनावर तो सगळा खाते. एवढी साधी गोष्ट. लक्ष्मणरावांनी कडबा कापण्याचे यंत्र केले आणि हीच त्यांच्या कारखान्याची पहिली वस्तू ठरली. रोज डोळ्यांसमोर असलेल्या गोष्टीकडे ती आज पहिल्यांदाच पाहतो आहोत अशा नजरेने पाहणे, याला प्रतिभा म्हणायचे नाही तर कशाला?

कडबा-यंत्रानंतर नांगर आला, आणि खरी परीक्षा इथे होती. आपल्या शेतकऱ्याचा नांगर लाकडी. तो जमीन वरवर उकरतो, पण खोल जात नाही आणि माती उलटवत नाही. हरळीसारख्या तणाची मुळे खालीच राहतात. विलायतेत लोखंडी नांगर कधीचे रूढ झाले होते. लक्ष्मणरावांनी विलायती नांगराचा नमुना घेऊन आपल्या बैलांना आणि आपल्या जमिनीला मानवेल असा लोखंडी नांगर तयार केला. नांगर तयार झाला, पण घेणारा कोणी पुढे येईना. लोखंडाने जमीन विषारी होते, काळी आई नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. दोन वर्षे नांगरांना गिऱ्हाईक मिळेना. कारखान्यात नांगर पडून आहेत, भांडवल अडकले आहे, आणि ज्याच्या भल्यासाठी हे सारे केले तोच तोंड फिरवून जातो आहे.

अशा वेळी माणूस दोन पैकी एक गोष्ट करतो. नशिबाला दोष देऊन धंदा बंद करतो, नाहीतर शेतकऱ्याला अडाणी ठरवून मोकळा होतो. लक्ष्मणरावांनी दोन्ही केले नाही. शेतकऱ्याची भीती ही पिढ्यानपिढ्यांची आहे आणि ती डोळ्यांनी पाहिल्याशिवाय जाणार नाही हे त्यांनी ओळखले. नांगर चालवून दाखवण्याची त्यांची तयारी होती. तितकीच आपल्या वस्तूतला दोष पाहण्याचीही होती. नांगराचा फाळ लवकर झिजला तर शेतकरी दुसऱ्यांदा येणार नाही. ओतीव लोखंडाचा फाळ वरून कठीण हवा, पण इतकाही नको की दगड लागला की तुटेल. लोखंडाचा रस साच्यात पडल्यावर किती लवकर निवतो यावर त्याचा कठीणपणा ठरतो. ही सगळी ओतशाळेतली विद्या त्यांनी कोणत्याही कॉलेजात न जाता, पुस्तके वाचून आणि पुन्हा पुन्हा ओतून पाहून मिळवली. हळूहळू एक शेतकरी आला, त्याचे पाहून दुसरा आला, आणि किर्लोस्करांचा नांगर शेतात उभा राहिला.

बस्तान बसते न बसते तोच नवे संकट आले. बेळगावच्या नगरपालिकेला नव्या वसाहतीसाठी कारखान्याची जागा हवी होती. जागा सोडा म्हणून नोटीस निघाली. इतक्या वर्षांच्या कष्टाने उभी केलेली यंत्रे उचलून न्यायची कुठे? लक्ष्मणरावांनी औंध येथे यमाई देवीच्या देवळाच्या सभामंडपाचे काम घेतले होते. त्या निमित्ताने औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्याशी त्यांचा स्नेह जमला होता. बाळासाहेब हे राजे असले तरी स्वतः हाती कुंचला धरणारे चित्रकार होते. चित्रकला सोडाव्या लागलेल्या कारागिराची अडचण एका चित्रकार राजाला समजली, हा योग मोठा विलक्षण आहे. त्यांनी आपल्या संस्थानात कुंडल रोड स्टेशनजवळ बत्तीस एकर जमीन देऊ केली आणि दहा हजार रुपयांच्या कर्जाची सोय केली.

जमीन कसली, नुसता माळ होता. जिकडे पाहावे तिकडे निवडुंग, आणि निवडुंगात साप. १० मार्च १९१० रोजी या माळावर वसाहतीचा आरंभ झाला. बरोबर पंचवीस कामगार आणि त्यांची कुटुंबे होती. लक्ष्मणरावांच्या पत्नी राधाबाई आणि लहान मुलेही होती. कोणत्याही हिशेबी माणसाने ती जागा पाहून पाठ फिरवली असती. लक्ष्मणरावांना तिथे कारखाना दिसला, घरे दिसली, शाळा दिसली, झाडे आणि फुले दिसली. कोऱ्या कागदाकडे पाहताना चित्रकाराला जे दिसते तेच त्यांना त्या माळावर दिसले असावे. निवडुंग तोडला गेला, रस्ते आखले गेले आणि किर्लोस्करवाडी उभी राहिली. पुढे स्टेशनलाही तेच नाव मिळाले.

या वसाहतीतली माणसे पाहिली म्हणजे लक्ष्मणरावांच्या कर्तबगारीचे मर्म कळते. रामूअण्णांकडे गावाची आखणी आणि कारभार होता. शंभूराव जांभेकर हे यंत्र दुरुस्त करीत, पडेल ते काम करीत आणि वेळप्रसंगी आजारी माणसाला औषधही देत. के. के. कुलकर्णी परीक्षेत नापास झालेले, पण व्यवहारात कोणत्याही कामाला उपयोगी पडणारे. मंगेशराव रेगे हिशेब सांभाळीत. अनंतराव फळणीकर शाळा अर्धवट सोडून आलेले, पण नवनव्या कल्पना लढवणारे यंत्रज्ञ. परीक्षेच्या मापाने मोजली तर यांतली कितीतरी माणसे वाया गेलेली ठरली असती. लक्ष्मणरावांनी त्यांना प्रमाणपत्र विचारले नाही, तर अडचण सांगितली आणि तुम्हीच काहीतरी करून पाहा म्हणून मोकळीक दिली. तुरुंगात शिक्षा भोगून आलेल्या माणसांनाही त्यांनी कामावर घेतले, आणि तेही पहारेकरी म्हणून! ज्याच्यावर कोणी विश्वास टाकला नाही त्याच्या हाती किल्ल्या दिल्या तर तो तो विश्वास राखतो, हे त्यांनी ओळखले होते. शिवाशिवीला या वसाहतीत थारा नव्हता.

मला वाटते, कामातला आनंद ही एकट्याने भोगण्याची चीज नाही हे लक्ष्मणरावांना पुरते कळले होते. मालकाला नवे काही घडवल्याचा आनंद आणि कामगाराला फक्त घाम, अशी वाटणी झाली की कारखाना हा तुरुंग होतो. सगळ्याच कारखान्यांतली सगळीच कामे आवडीची करता येतात असे नाही. दिवसभर एकच भाग कातणाऱ्या माणसाला त्यात किती गोडी वाटणार, हा प्रश्न आजही सुटलेला नाही. पण आपण काय करतो आहोत, ते कोणाच्या उपयोगाला येणार आहे, आणि त्यात आपल्याला सुचलेली सुधारणा कोणी ऐकून घेईल की नाही, एवढे जरी कामगाराला कळले तरी पुष्कळ फरक पडतो. किर्लोस्करवाडीत तो फरक पडला.

१९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले. विलायती नांगर येईनासे झाले, त्यामुळे देशी नांगराला मागणी वाढली. पण त्याचबरोबर कच्चे लोखंड आणि कोळसाही दुर्मिळ झाला. मागणी दारात आणि माल नाही, अशी अवस्था. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी संस्थानातील जुन्या निकामी तोफा किर्लोस्करांना दिल्या. त्या वितळवून त्यांचे नांगर झाले. ज्या लोखंडाने कधी काळी माणसे मारली त्याच लोखंडाने जमीन नांगरली गेली. कथेत शोभावी अशी ही गोष्ट खरोखर घडलेली आहे.

युद्धानंतर १९२० मध्ये ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ ही मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षी लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी कारखान्याच्या मालाची माहिती देण्यासाठी ‘किर्लोस्कर खबर’ हे लहानसे पत्रक काढले. त्यातूनच पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक वाढले. नंतर ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ निघाली आणि मराठी घराघरांत नव्या विचारांचे वारे शिरले. नांगरांच्या जाहिरातीसाठी निघालेला कागद मराठी वाङ्मयाच्या इतिहासात जाऊन बसतो, हे त्या वाडीच्या हवेतच काही होते म्हणून घडले असावे. तिकडे कारखान्यात उसाचे लोखंडी चरक, शेंगा फोडण्याची यंत्रे, हातपंप अशा वस्तू निघू लागल्या. १९२६ च्या सुमारास पाण्याचे सेंट्रिफ्यूगल पंप झाले. दिवसभर मोट ओढून बैलांचे खांदे सोलून निघत. त्या जागी पंप आला.

मुलगा शंतनुराव अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूटमधून १९२६ साली यंत्रविद्येची पदवी घेऊन आला. ज्या देशाची मासिके वाचून वडील घडले त्याच देशात जाऊन मुलगा शिकला. पुढे कारभाराची धुरा त्याच्याकडे गेली. १९४१ मध्ये हरिहर येथे म्हैसूर किर्लोस्करचा यंत्रांची यंत्रे करणारा कारखाना निघाला. १९४६ मध्ये पुण्यात ऑइल इंजिनांचा आणि बंगळूरला विजेच्या मोटारींचा उद्योग सुरू झाला. गुर्लहोसूरच्या मराठी घरातला हा वेल असा महाराष्ट्रात आणि कर्नाटकात सारखाच पसरला. आपल्या मासिकाच्या मराठी आणि कन्नड या दोन्ही विभागांना त्यांच्यावर सारखाच हक्क सांगता येईल.

उतारवयात त्यांना आणखी एक घाव सोसायचा होता. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींची हत्या झाली. त्यानंतर उसळलेल्या दंगलींत किर्लोस्करवाडीच्या कारखान्यालाही आगी लावण्यात आल्या. अडतीस वर्षांपूर्वी निवडुंग तोडून जे उभे केले ते जळताना पाहणे कोणालाही सोसवणार नाही. लक्ष्मणरावांचे वय तेव्हा अठ्ठ्याहत्तर होते. पण वाडी ओसाड पडली नाही. कारखाना पुन्हा सावरला, भट्ट्या पुन्हा पेटल्या. माळावर शून्यातून सुरुवात करण्याची जी सवय त्यांनी आपल्या माणसांना लावली होती ती अशा वेळी उपयोगी पडली.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी पुण्यात लक्ष्मणरावांचे निधन झाले. १९६९ मध्ये त्यांची जन्मशताब्दी आली तेव्हा भारत सरकारने त्यांच्या चित्राचे टपाल तिकीट काढले. किर्लोस्करवाडीत आजही पंप तयार होतात.

त्यांच्या चरित्रातून आपण काय घ्यावे? कारखाने काढावेत आणि श्रीमंत व्हावे, एवढाच धडा कोणी घेतला तर तो वरवरचा होईल. पैसा त्यांना मिळाला, पण फार उशिरा मिळाला. सायकलीचे दुकान चालवताना, दोन वर्षे न खपलेल्या नांगरांपुढे उभे असताना तो मिळेल याची खात्री कोणालाच नव्हती. त्या दिवसांत त्यांना उभे ठेवले ते हातातल्या कामाने. हवी ती वाट बंद झाली तेव्हा, त्या वाटेवर जे करायचे होते ते दुसऱ्या वाटेवर करता येते का, हे त्यांनी पाहिले. चित्रशाळेत मिळालेली नजर त्यांनी फेकून दिली नाही, तर ती गोठ्यात नेली, शेतात नेली, ओतशाळेत नेली.

आपल्यापैकी अनेकांना हवी ती शाखा मिळालेली नाही, अनेकांना हवी ती नोकरी मिळणार नाही. कोणी शिक्षक होईल, कोणी बँकेत जाईल, कोणी दुकानावर बसेल, कोणी वडिलांची शेती पाहील. त्या कामात रस नाही असे म्हणण्यापूर्वी आपण त्याकडे नीट पाहिले आहे का, एवढे स्वतःला विचारावे. कडब्याच्या पेंढ्या त्याच होत्या आणि जनावरेही तीच होती. शेकडो वर्षे लोक ते पाहत आले होते. त्यात काही करण्यासारखे आहे हे ज्याला दिसले, त्याच्या डोळ्यांना रंगांतला फरकही कळत नव्हता.